पिवळ्या रेघा कुणाच्या खोलीवर?

रविवारी सकाळी आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत बसतो, हे या पानाच्या वाचकांना ठाऊक आहे. कुणी जातीच्या दाखल्याचा अर्ज घेऊन येते, कुणी शिष्यवृत्तीचा. कुणाला नुसते बोलायचे असते. गेल्या पावसाळ्यात एक बाई हातात कागदाची मोठी गुंडाळी घेऊन आल्या. जयभीम घातला, टेबलावरची पुस्तके बाजूला सारली आणि गुंडाळी उलगडून तिच्या चारी कोपऱ्यांवर चार पुस्तके ठेवली.

"भाऊ, ह्या पिवळ्या रेघा कायच्या? त्याले इचारलं तर म्हणे, ते डिझाइन होय."

तो त्यांच्या घराचा नकाशा होता. उत्तर नागपुरातील एका वस्तीत सासऱ्यांनी घेतलेला छोटा भूखंड, त्यावर तीन खोल्यांचे पक्के घर आणि बाजूला टिनाची जुनी छपरी. थोरल्या मुलाचे लग्न झाले, जागा पुरेना, म्हणून वर एक मजला चढवायचे ठरले होते. परवानगीसाठी एका खाजगी नकाशाकाराकडून कागद तयार करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यावर मालक म्हणून बाईंची सही व्हायची होती.

पिवळ्या तिरप्या रेघा बाजूच्या छपरीवर होत्या, आणि समोरच्या खोलीवरही होत्या. ही समोरची खोली म्हणजे बाईंचे शिलाई मशीन, दोन शोकेस आणि वीस वर्षांची गिऱ्हाईकी.

वाचकहो, ते डिझाइन नव्हते. इमारतीच्या नकाशात कोणता रंग कशासाठी वापरायचा हे ठरलेले असते. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि तिच्या धर्तीवर केलेल्या विकास नियंत्रण नियमावल्यांत त्याचा तक्ता दिलेला आहे. आधीपासून असलेले बांधकाम काळ्या बाह्यरेषेने दाखवावे, नवे प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने भरावे, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेने काढावी, आणि जे पाडायचे आहे ते पिवळ्या रेघांनी भरावे. बाईंना छपरी पाडावी लागणार हे माहीत होते. बाजूला मोकळी जागा सोडल्याशिवाय वरच्या मजल्याला परवानगी मिळणार नव्हती. पण समोरच्या खोलीबद्दल कुणी एक शब्दही बोलले नव्हते. कागद मात्र म्हणत होता की मालकीणबाई स्वतः ती खोली पाडून देणार आहेत, आणि त्याखाली सहीची जागा रिकामी होती.

आम्ही एवढेच म्हणालो की, उद्या सही करू नका. मग विचारले, तुमची धाकटी मुलगी काय शिकते? त्या म्हणाल्या, "आयटीआयले आहे ना, ड्राफ्ट्समन सिव्हिल. पण ती मामाकडे गोंदियाले गेली, रोवणीले. आज संध्याकाळी येते."

घरात नकाशा वाचणारी मुलगी आणि नकाशा दाखवायला आई आमच्याकडे! पण आपल्याकडे असेच होते. शिकणारे पोर अजून शिकत आहे, त्याला काय कळणार, असे आपल्यालाच वाटत असते.

मुलगी येईपर्यंत या रेघांविषयी थोडे सांगतो, कारण पुष्कळ घरांत असे कागद पेटीत गुंडाळून पडलेले आहेत आणि ते कुणी उलगडून पाहिलेले नाहीत.

नकाशातील बंद आकार रेघांनी किंवा ठिपक्यांनी भरणे, याला ड्राफ्ट्समन मंडळी हॅचिंग म्हणतात. एखादी वस्तू सुरीने कापावी तशी कल्पनेने कापली, तर जिथे सुरी प्रत्यक्ष लागली तो भाग रेघांनी भरायचा आणि पोकळ जागा कोरी ठेवायची, ही त्यातली मूळ रीत. बहुतेक वेळा रेघ पंचेचाळीस अंशांत तिरपी असते. दोन वेगळे भाग एकमेकांना लागून असतील तर एकाच्या रेघा उजवीकडे झुकतात आणि दुसऱ्याच्या डावीकडे. एकच भाग कागदावर दोन ठिकाणी दिसत असेल तर दोन्हीकडे रेघांची दिशा आणि अंतर तेच ठेवायचे, म्हणजे हा तोच आहे हे कळते. बोल्ट आणि शाफ्ट लांबीत कापलेले दिसले तरी त्यांच्यात रेघा मारत नाहीत. भारतीय मानक ब्युरोने शाळा-महाविद्यालयांसाठी काढलेल्या १९८८ च्या 'एसपी ४६' या पुस्तकात अभियांत्रिकी रेखांकनाच्या अशा रीती एकत्र दिल्या आहेत. घरबांधणीच्या नकाशात वीट, काँक्रीट, दगड, लाकूड आणि माती यांच्या भरणीच्या खुणाही वेगवेगळ्या असतात.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. ते सांगतात, एका भिंतीचे हॅचिंग करायला अर्धा दिवस जायचा. ड्राफ्टिंग बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणायचा, सेट-स्क्वेअर पट्टीला टेकवायचा, शाईच्या पेनने एक रेघ मारायची, सेट-स्क्वेअर केसभर सरकवायचा आणि दुसरी रेघ मारायची. अंतर मोजायचे नाही, डोळ्यानेच धरायचे. शेवटच्या रेघेला शाई ओघळली की दाढीच्या ब्लेडने ती हलकेच खरवडून काढायची. खरवडताना कागद फाटला तर पुन्हा पहिल्यापासून. ते हसत म्हणतात, "तिरप्या रेघांनीच माझे डोळे नेले." पण चूक होण्याआधी हात दहादा त्या जागेवरून फिरलेला असायचा. ही छपरी, ही भिंत, ही खोली, हे हाताला माहीत असायचे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आपल्या ओळखीच्या दोन वास्तू घेतल्या तर हॅचिंगचे काम चटकन समजते. सांचीचा महास्तूप मधोमध कापला अशी कल्पना करा. आत सम्राट अशोकाच्या काळातला विटांचा गाभा आहे आणि त्याभोवती पुढच्या शतकात चढवलेले दगडी आवरण. व्यास सुमारे १२० फूट, आणि आत चालायला जागा नाही. त्याचे छेदचित्र काढले तर ते कडेपासून कडेपर्यंत रेघांनी भरलेले दिसेल, विटेच्या रेघा वेगळ्या आणि दगडाच्या वेगळ्या. आता आपल्या दीक्षाभूमीचा स्तूप कापा. तो पोकळ आहे. छेदचित्रात घुमटाची फक्त एक बारीक कमान भरलेली दिसेल आणि तिच्या आत सगळा कोरा कागद. बाहेरून दोन्ही अर्धगोलच. या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काम सुरू झाले तेव्हा आज सगळीकडे चालणारे ऑटोकॅड जन्मलेही नव्हते. ते १९८२ साली आले.

दीक्षाभूमीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण. १ जुलै २०२४ रोजी तिथल्या भूमिगत वाहनतळाच्या कामावर लोकांचा क्षोभ उसळला आणि काम थांबवावे लागले. त्या दिवसांत जो भेटे तो आम्हाला एकच विचारी: खड्डा स्तूपापासून किती दूर, आणि किती खोल? या प्रश्नाचे उत्तर भाषणात नसते. ते छेदचित्रात असते, जिथे स्तूपाचा पाया एका भरणीने दाखवलेला असतो, माती दुसऱ्या भरणीने आणि खड्डा कोरा. असे एक चित्र मोठे करून प्रवेशद्वाराशी लावले असते आणि शेजारी खुणांची सूची दिली असती, तर आपल्या आयाबहिणींनी ते वाचले असते, असे आमचे मत आहे. ज्यांना विणकामाचा नमुना कागदावरून उचलता येतो त्यांना हे अवघड नाही.

असो. संध्याकाळी मुलगी आली. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, तशीच आली. नकाशा पाहिला आणि म्हणाली, "आई, हे त्याने मुद्दाम केलं नसेल. हे सांडलं आहे." आम्हाला काही कळले नाही. ती म्हणाली, कागदावरून खात्री होणार नाही, मला फाइल पाहिजे.

फाइल मिळवायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली. नकाशाकार देईना. म्हणे फाइल देण्याची पद्धत नाही. आम्ही सोबत गेलो आणि शांतपणे सांगितले की मेहनताना दिला आहे, घर यांचे आहे आणि मोजमापही यांच्याच घराचे आहे. शेवटी पेनड्राइव्हवर मिळाली. वाचकांनी हे आधीच ठरवून घ्यावे: नकाशा करायला देताना छापील प्रतींबरोबर फाइलही मिळेल, असे लिहून घ्यावे.

मुलीने आपल्या जुन्या लॅपटॉपवर फाइल उघडली. (विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिकण्यासाठी मोफत वापरता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी लिब्रेकॅड सगळ्यांनाच मोफत आहे, आणि आकार भरण्याची सोय त्यातही आहे.) तिने पिवळ्या रेघांवर एकदा क्लिक केले. छपरी आणि खोली दोन्ही एकदम उजळल्या. ती म्हणाली, "बघा, दोन जागा दोनदा भरलेल्या नाहीत. ही एकच भरण आहे, एकाच क्लिकची." मग तिने त्या भरणीचे क्षेत्रफळ काढले. संगणक ते आपोआप सांगतो. १९.९० चौरस मीटर. तिने वहीत फुटांत केले, ते २१४ चौरस फुटांच्या थोडे वर आले. छपरी १० बाय ८, म्हणजे ८०. समोरची खोली १२ बाय ११, म्हणजे १३२. दोन्ही मिळून २१२.

"मग वरचे सव्वादोन फूट कुठले?" आम्ही विचारले.

"दरवाजाचे," ती म्हणाली. "तीन फुटांचा दरवाजा, नऊ इंची भिंत. तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. रंग दरवाजातून आत गेला."

आता हे कसे घडते ते नीट सांगायला हवे, कारण आमच्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली आज हे काम शिकत आहेत, आणि नोकरीच्या परीक्षेत नेमके इथेच अडकतात.

जुन्या पद्धतीत संगणकाला भरायच्या जागेभोवतीची एकेक रेघ निवडून द्यावी लागे. १९९२ च्या सुमारास ऑटोकॅडच्या बाराव्या आवृत्तीत नवी सोय आली. आकाराच्या आत कुठेही एक बिंदू दाखवा, हद्द संगणक स्वतः शोधेल. कशी शोधतो? त्या बिंदूपासून तो एका दिशेला निघतो आणि जी पहिली रेघ लागेल तिला धरून चालू लागतो. अंधाऱ्या खोलीत माणूस भिंतीला हात लावून चालतो तसा. कोपरा आला की वळतो, पुन्हा रेघ धरतो, आणि फिरत फिरत जिथून निघाला तिथे परत आला की समजतो, हा आकार बंद आहे. परत आलाच नाही तर तो सांगतो की हद्द सापडत नाही. आणि वाटेत उघडे दार लागले तर? तो दारातून बाहेर पडतो, पलीकडच्या खोलीच्या भिंतीने फिरतो, तिकडून पुन्हा दारातून आत येतो आणि निघाल्या जागी पोहोचतो. त्याच्या दृष्टीने सगळे बरोबर झाले. हद्द बंद आहे, फक्त ती दोन खोल्यांची आहे.

मुलीने आईला हे एका वाक्यात सांगितले. "मामाच्या बांधीचं कसं होते, तसं." आईला लगेच कळले. धानाच्या बांधीच्या धुऱ्याला खेकड्याने भोक पाडले की रात्रीतून पाणी खालच्या बांधीत उतरते. वरून पाहणाऱ्याला धुरा सलग दिसतो. भोक सुपारीएवढे असते, पण सकाळी एक बांधी कोरडी आणि दुसरी तुडुंब.

नकाशातही भोक कधी कधी इतके लहान असते की डोळ्याला दिसत नाही. दोन भिंतींच्या रेघा कोपऱ्यात भेटल्यासारख्या वाटतात, पण दहापट मोठे करून पाहिले तर मध्ये केसाएवढी फट असते. नव्या आवृत्त्यांत संगणक अशा फटीभोवती लाल वर्तुळ दाखवतो. जुन्यांत आपणच शोधत बसायचे. ड्राफ्ट्समनची जुनी युक्ती म्हणजे कोपऱ्याच्या दोन्ही रेघांना शून्य त्रिज्येचे फिलेट द्यायचे, की त्या अचूक एका बिंदूत मिळतात. किती मोठी फट चालवून घ्यायची ते आकड्याने सांगण्याचीही सोय आहे. पण ती फार सैल सोडू नये. फट झाकली जाते, चूक तिथेच राहते.

दरवाजाचे मात्र वेगळे. तिथली जागा रिकामी असणे हीच बरोबर गोष्ट आहे, भिंत तिथे नाहीच. म्हणून हद्द ठरवताना दाराच्या तोंडाशी एक रेघ काढायची आणि ती न छापल्या जाणाऱ्या लेयरवर ठेवायची. मुलगी तिला उंबऱ्याची रेघ म्हणाली. हे नाव त्यांच्या निदेशकांनी दिले की तिचे तिनेच, ते आम्ही विचारले नाही. नकाशाकाराने प्रत्येक दाराला अशी रेघ काढली होती, फक्त छपरीच्या दाराला काढली नव्हती. टिनाचे खोपट, तिथे कसला उंबरा, असे वाटले असेल.

आम्ही त्याला भेटलो तेव्हा त्याने चूक कबूल केली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पिवळा रंग खोलीत गेलेला त्याला दिसला नव्हता का? दिसला असावा. बाईंनी बोट ठेवून विचारले तेव्हा तरी दिसलाच असेल. त्या वेळी 'डिझाइन आहे' म्हणणे त्याला सोपे वाटले. रेघा अर्ध्या सेकंदात भरल्या जातात तेव्हा हात त्या जागेवरून फिरत नाही, हे निवृत्त काकांचे बोलणे इथे आठवते. आणि समोर बाई उभी असते, जिला नकाशा वाचता येत नाही असे आधीच ठरवलेले असते.

शिकणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. आकाराच्या आत दुसरा आकार असेल, जसे खोलीच्या मधोमध खांब, तर संगणक त्याला बेट समजतो आणि ती जागा कोरी सोडतो. बेटात पुन्हा बेट असेल तर ते भरतो. हे नको असेल तर फक्त बाहेरचा पट्टा भर, असे सांगता येते. रेघांचे प्रमाण चुकले की दोन विपरीत गोष्टी होतात. रेघा इतक्या दाट होतात की जागा काळी ठिक्कर दिसते, नाहीतर इतक्या विरळ होतात की आकारात एकही रेघ पडत नाही आणि मुलगा म्हणतो, हॅच लागतच नाही. ती लागलेली असते, दिसत नसते. अशा वेळी आधी प्रमाण पाहावे, मग फट शोधावी.

आणि ज्याला कुतूहल आहे त्याने हे जरूर करून पाहावे. रेघांचा नमुना म्हणजे साठवलेले चित्र नसते, तो आकड्यांचा नियम असतो. नेहमी वापरला जाणारा एक नमुना 'एएनएसआय ३१' आहे. त्याच्या फाइलमध्ये एवढेच लिहिलेले असते: पंचेचाळीस अंशांत रेघ मार, शून्य बिंदूपासून सुरुवात कर, आणि दर एक अष्टमांश इंचावर पुढची रेघ मार. मिलिमीटरच्या फाइलमध्ये तेच अंतर ३.१७५ असते. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आपला स्वतःचा नमुनाही लिहिता येतो. नावाआधी तारा टाकायचा, आणि शेवटच्या ओळीनंतर एकदा एंटर दाबायला विसरायचे नाही. विसरले तर नमुना चालत नाही, आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

घर सांभाळणाऱ्या वाचकांना याचा उपयोग काय? फरशीचा घ्या. स्वयंपाकघर ९ बाय ७ फुटांचे आहे आणि फरशी दोन बाय दोनची बसवायची आहे. नकाशात त्या खोलीत चौकटींचा नमुना भरला, आणि नमुन्याची सुरुवात दाराकडच्या कोपऱ्यापासून धरली, तर पूर्ण फरश्या १२, अर्ध्या ७ आणि कोपऱ्यात एक पाव, हे समोर दिसते. कापून सगळे बसवले तर १६ फरश्यांत काम होते. फुटतुटीला एक-दोन जास्त आणा. कापलेले तुकडे दाराशी येणार की ओट्याखाली लपणार, हेही आधीच ठरते. नमुन्याची सुरुवात कुठून धरायची हे सांगितले नाही, तर संगणक ती नकाशाच्या शून्य बिंदूपासून धरतो आणि चारही बाजूंना तुकडे दाखवतो. मिस्त्रीही पुष्कळदा असेच करतो!

फ्लॅट घेणाऱ्यांनी भिंतीतील भरीव रेघांकडे पाहावे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या आडभिंती धरतात. बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणजे क्षेत्रफळ पाहायचे तर खोल्या सुट्या सुट्या भरून बेरीज करू नये, तिच्यात आडभिंती सुटतात. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने एकच हद्द धरावी.

आणि भूखंड घेणाऱ्यांनी अधिक जपावे. नागपुरात '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' हे शब्द ऐकले नाहीत असे घर आपल्या वस्त्यांत क्वचितच असेल. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, कुणाचे भूखंड नियमित झाले, कुणाचे राहिले. राहिलेल्यांपैकी कित्येकांनी लेआऊटचा कागद विकत घेतानाच पाहिला होता. त्यावर शाळेची, मैदानाची, रस्त्याची जागा वेगळ्या भरणीने दाखवलेली होती, आणि कोपऱ्यात खुणांची सूचीही होती. विकणाऱ्याचे बोट मात्र भूखंडाच्या नंबरावर होते. कागद हाती आला की आधी सूची वाचावी, मग नंबर.

आता बाईंच्या घराकडे परत. महाराष्ट्रातील पुष्कळ शहरांत हल्ली नकाशे संगणकावरच तपासले जातात. त्यासाठी प्रत्येक भाग ठरलेल्या लेयरवर आणि बंद आकारातच द्यावा लागतो. यंत्र बंद आकार मोजते आणि नियमांशी ताडून पाहते. छपरी आणि खोली मिळून झालेला हा आकारही बंदच होता. तेव्हा यंत्राने तो मुकाट्याने मोजला असता, असे मुलगी म्हणाली, आणि आम्हालाही तसेच वाटते. त्या खोलीत कुणी बसते की नाही, हे यंत्राला कसे कळणार?

नकाशाकाराने छपरीच्या दारात रेघ काढली, जुनी भरण पुसली आणि पुन्हा क्लिक केले. या वेळी मुलगी त्याच्या खुर्चीमागे उभी होती. क्षेत्रफळ ७.४३ चौरस मीटर आले, म्हणजे ८० फूट. मग तिने त्याला प्रत्येक भरणीचे क्षेत्रफळ एकेक करून दाखवायला लावले. नवी प्रत निघाली. बाईंनी ती आमच्या टेबलावर पुन्हा उलगडली, पिवळ्या रेघांवरून बोट फिरवले, ते छपरीच्या दारात थांबले. सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिले.

परवानगी मिळाली, पण छपरी लगेच पाडली नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांच्याकडे दरवर्षी यवतमाळ आणि नांदेडकडची पाहुणेमंडळी उतरतात, आणि पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक त्याच छपरीत चुलीवर होतो. पाहुणे परत गेले, चूल मागच्या अंगणात हलवली, आणि मग दोन मजूर बोलावून टिना उतरवल्या.